मागचा बुरूज

१२ फेब्रुवारी, रविवार

दिसला! धाकटा दिसला आज.

फार लांबून. चेहरा नीट दिसला नाही, पण मान दिसली. ती मान मी कुठेही ओळखीन. आई गेल्यावर त्या मानेवर पावडर थापून त्याला शाळेत धाडायचं काम माझंच होतं. रस्त्याच्या कडेच्या दगडांना रंग देत होता. एक पांढरा, एक लाल, एक पांढरा, एक लाल. शेजारी एक शिपाई नुसता उभा. पहाऱ्यावर असल्यासारखा. असल्यासारखा काय — असणारच.

महिना होऊन गेला त्या फोनला. ‘तुमच्या भावाच्या हातून रायफल सुटली. दुसरा जवान दगावला. चौकशी होईपर्यंत तुमचा भाऊ किल्ल्यातच राहील.’ त्यानंतर भेट नाही, फोन नाही. जबानी पुरी होईपर्यंत नियमच तसा आहे म्हणे. आणि दगावला तो कोण? लंबू! धाकट्याचा जिवलग. दर फोनला लंबू असा नि लंबू तसा. लंबूनं माझ्या गणवेशाला इस्त्री केली, लंबूनं माझ्या वाटणीचा पाव खाल्ला. मी त्याला फोटोशिवाय कधी पाहिलं नाही, पण घरातलाच वाटायचा.

किल्ला लष्कराकडे आहे, पण रविवारी पुढचा अर्धा भाग लोकांना दाखवतात. हे मला शेजारणीनं सहज बोलता बोलता सांगितलं, ती भाच्यांना घेऊन गेली होती. ओळखपत्र दाखवायचं, मोबाइल फाटकावर ठेवायचा, हवालदाराच्या मागून रांगेत चालायचं. म्हणजे सख्ख्या बहिणीला बंदी आणि हौशी पाहुण्यांना मोकळीक!

मग काय, गेले. पाहुणी होऊन गेले स्वतःच्या भावाला बघायला.

त्यानंही मला पाहिलं. ब्रश हवेतच थांबला. मग खाली बघून पुन्हा रंगवायला लागला. एक पांढरा, एक लाल. हवालदार म्हणाले, ‘ताई, पुढे चला, मागच्यांना दिसत नाही.’

१३ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. म्हटलं, बारीक झालाय. बाबांनी रेडिओ मोठा केला.

१६ फेब्रुवारी

दुकानात आज घोळ घातला. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक चष्मा घालून उठलं आणि टेबलावर आपटलं. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ‘घरी सगळं ठीक?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो.

शहरात कुणालाच सांगितलेलं नाही आम्ही. बाबा शेजाऱ्यांना सांगतात — ‘लांबच्या कामावर पाठवलंय, तिथे फोन लागत नाही.’ बाबांना खोटं बोलता येत नाही. बोलताना कानाची पाळी ओढतात.

१९ फेब्रुवारी, रविवार



आज गेले पुन्हा. फाटकावर रांग. तिथला शिपाई ओळखपत्रावरचं नाव खणखणीत आवाजात वाचतो, मग आत सोडतो. माझं वाचलं. माझ्यामागे एक बाई होती, साठीची असेल, स्वच्छ कडक साडी, हातात कापडी पिशवी. तिचं नाव वाचलं आणि मी गर्रकन मागे वळून पाहिलं.

लंबूचं आडनाव. तसं आडनाव सारखं सारखं ऐकू येत नाही. आणि कपाळ, उंची, ते वाकून चालणं — उंच माणसं दारातून येताना वाकतात तसं. लंबूची आई! दुसरं कोण असणार?

पळून जावंसं वाटलं. पण मोबाइल त्यांच्याकडे, मागे रांग, पुढे हवालदार. चालत राहिले.

हवालदारांचं भाषण पाठ आहे. थांबायची जागा ठरलेली, हसायची जागा ठरलेली. पहिल्या दरवाज्याचे खिळे, मग तळं, मग मोठी तोफ. तोफ काळ्या रंगानं इतकी चकचकीत केलीय की बूट वाटतो. ‘ही तोफ वेढ्यात एकदाच उडाली,’ हवालदार म्हणाले, ‘आणि आपलीच भिंत पाडली! शत्रूला वाटलं, आत फितुरी झाली. आणि खरं काय? चुकून सुटली!’

सगळे हसले. पोरं तर लोळली हसून.

ती बाई हसली नाही. मीही नाही. सबंध घोळक्यात आम्ही दोघीच. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तोफेकडे पाहिलं.

तळ्याच्या काठाला बसायला देतात थोडा वेळ. ती माझ्या शेजारीच येऊन टेकली. चष्मा नाकावरून घसरत होता, एक काडी वर, एक खाली. ती तो सारखा वर ढकलत होती. मला असलं बघवत नाही, बघवतच नाही! पर्समध्ये छोटा स्क्रूड्रायव्हर असतोच. न विचारता म्हटलं, ‘द्या इकडे.’ आणि तिनं दिला! चष्मा काढल्यावर डोळे कसे दिसले — रडून रडून कोरडे पडल्यासारखे. मी स्क्रू आवळला, काडी वाकवून सरळ केली, नाकावरच्या गाद्या जुळवल्या, काचा पदरानं पुसल्या. तिनं घातला आणि इकडेतिकडे पाहिलं.

‘अगंबाई,’ म्हणाली, ‘सगळंच वाकडं दिसतंय असं वाटायचं मला. चष्माच वाकडा होता होय!’

मी तिच्याकडे बघून हसले. हसले मी! माझ्या भावाच्या हातून तिचा मुलगा गेला आणि मी तिच्याकडे बघून हसले.

धाकटा आज दिसला नाही.

२० फेब्रुवारी

सांगायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी, रविवार

सांगणार म्हणून गेले. शब्द जुळवून गेले. लंबूच्या आई फाटकाशी माझी वाट बघत उभ्या! ‘म्हटलं, आलीस तर बरोबरच जाऊ.’ आता त्यांना मावशी म्हणते. त्यांनीच सांगितलं — बाई काय म्हणतेस, मावशी म्हण.

मावशींचं लाँड्रीचं दुकान आहे. त्यांच्या गावाहून इथवर यायचं म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये. नवरा मुलगा लहान असतानाच गेला. इस्त्रीवर पोर वाढवलं. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या बाहीची घडी बघून हळूच म्हणाल्या, ‘दोन घड्या पडल्यात बघ. आमच्या सोन्यानं पाहिलं असतं तर अंगातला शर्ट उतरवून घेतला असता.’

आमचा सोन्या. मी मान खाली घातली.

स्वतःच बोलल्या मग. किल्ल्यात नोकरीला होता, इथेच गेला, मागच्या बुरजावर. ‘साहेब घरी आले होते, सगळं व्यवस्थित बोलले. पण ती जागा मला दिसायला पाहिजे गं. नुसती दिसायला पाहिजे.’ हवालदारांना त्यांनी विचारलं, मागचा बुरूज कुठे? हवालदारांचा सूर एकदम बदलला. ‘तो भाग बंद आहे, मावशी. इथून दिसतही नाही.’ मग उगाचच घसा खाकरून वेढ्याची गोष्ट पुढे सुरू केली. हवालदार मावशींना ओळखतात का? कोण जाणे.

आणि तेव्हा मावशींनी विचारलं — ‘तू कुणासाठी येतेस?’

मी म्हटलं, ‘मला जुने किल्ले आवडतात.’

असं म्हटलं मी. तोंड फोडून घ्यावंसं वाटतंय.

धाकटा होता आज. हौदाजवळ गवत काढत होता. मी पाहिलं आणि लगेच नजर काढली, मावशींना कळू नये म्हणून.

१ मार्च

बाबांशी भांडण. किती दिवस साठलेलं.

म्हटलं, येत्या रविवारी तुम्हीही चला. लांबून का होईना, बघा त्याला. बाबा म्हणाले, ‘मला नाही बघायचं.’

‘तुमचा मुलगा आहे!’

‘म्हणूनच.’

मग म्हणाले, ‘मी जन्मभर बस चालवली. पाठीमागे बस भरून माणसं. एकालाही खरचटू दिलं नाही. रोज सकाळी एकच धास्ती — आज आपल्या हातून कुणी जायला नको. आणि हा! रायफल साफ करताना आधी रिकामी करायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हातून माणूस गेलं ते गेलं. चुकून गेलं म्हणून ते परत येतं का?’

मी म्हटलं, तो तुमच्यासारखाच रडत असेल तिथे. बाबा म्हणाले, मी रडत नाहीये. कानाची पाळी ओढत म्हणाले.

५ मार्च, रविवार

मावशींना माहीत आहे!

पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तळ्याकाठी बसलो होतो. बाकीचे लोक वस्तुसंग्रहालयात तलवारी बघत होते. मावशींनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतून मला दिला. आणि चहा माझ्या तोंडाशी असताना म्हणाल्या, ‘मागच्या रविवारी हौदाजवळ गवत काढत होता, तोच ना तुझा भाऊ?’

चहा सांडला. मांडीवर, साडीवर. भाजलं ते आत्ता कळतंय.

‘फाटकावर तुझं नाव माझ्याआधी वाचलं होतं की गं,’ मावशी म्हणाल्या. ‘डोळे गेले असतील, कान शाबूत आहेत माझे. साहेबांनी त्याचं नाव सांगितलं होतं मला. आणि तू त्याच्याकडे बघतेस आणि मग कितीतरी वेळ जमिनीकडे बघत चालतेस. जमिनीवर काय आहे एवढं?’

मी म्हटलं, ‘मावशी, मी सांगणारच होते —’

‘नव्हतीस. मीही नसतं सांगितलं.’

आवाज चढला नाही त्यांचा. तो चढला असता तर मी काही तरी बोलू शकले असते. त्या म्हणाल्या, ‘पहिल्या दिवशी ठरवलं होतं, सगळ्यांसमोर तुला धरून विचारायचं. तुझा घरी आहे, माझा कुठे आहे? तेवढ्यात तू माझा चष्मा काढून घेतलास. पुसलास. आता चष्मा पुसून देणाऱ्या पोरीला कसं विचारू? राग तर आहे गं. भरपूर आहे. पण तो कुठे ठेवू तेच कळत नाही.’

‘आमचा घरी नाही, मावशी,’ एवढंच निघालं माझ्या तोंडून. का बोलले? केवढं कोतं वाटलं ते!

मावशी म्हणाल्या, ‘येईल.’

मग म्हणाल्या — ‘एक काम करशील? तुला भेटायला देतील कधीतरी. तेव्हा त्याला विचार, सोन्या शेवटी काय म्हणाला. तो जवळ होता ना? एवढंच मला पाहिजे. दुसरं काही नको.’

मी विचारलं, तुमच्याशी कधी बोलला होता शेवटचं? त्यांनी चष्मा काढला, उगाचच पुसला. ‘बोलायचा अधूनमधून,’ म्हणाल्या.

निघताना माझ्या साडीवरचा चहाचा डाग चिमटीत धरून बघितला. ‘घरी गेल्या गेल्या गार पाण्यात घाल. गरम पाणी लावलंस तर कायमचा बसेल.’

घातली आहे गार पाण्यात.

८ मार्च

किल्ल्यावरून फोन! मेजरसाहेब स्वतः. शनिवारी भेट देणार.

आनंदानं उडी मारणार होते, पण पुढे ते म्हणाले, ‘खरं सांगतो. तुमच्या भावानं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी लिहिलेलं जुळत नाही. तो काहीतरी लपवतोय. आम्हाला सांगत नाही. हीच जबानी राहिली तर लष्करी कोर्ट होईल आणि काही वर्षं आत जाईल. तुम्ही बहीण आहात. बोलून बघा.’

लपवतोय म्हणजे? काय लपवतोय? भांडण झालं होतं का दोघांचं? मुद्दाम —? नाही. नाही! लिहिणारसुद्धा नाही मी ते.

१० मार्च

लिहिणार नाही म्हटलं तरी डोक्यात तेच. दिवसभर काचा घासल्या आणि दिवसभर तेच.

११ मार्च, शनिवार

सगळं लिहून काढते, नाहीतर वेड लागेल. मग ही वही कुठे ठेवायची ते बघू.

भेटीची खोली म्हणजे जुन्या कमानींचा दालनासारखा भाग, मध्ये प्लायवूड लावून कचेऱ्या केल्यात. कमानीला ट्यूबलाइट ठोकलाय. टेबल, दोन खुर्च्या, पंखा. भिंत इतकी जाड की बाहेरचं काही ऐकू येत नाही. मेजरसाहेब माझ्याहून लहान असतील. धाकट्याला आत आणलं, दार ओढलं आणि बाहेर गेले.

नखांत लाल रंग. गाल बसलेत. मला आधी जवळच घेता येईना, टेबल मध्ये. मग टेबलच सरकवलं मी.

‘बाबा?’

‘बरे आहेत.’

‘येणार नाहीत ना ते.’

‘येतील रे.’

‘ताई, तुला खोटं बोलता येत नाही. बाबांवर गेलीस.’

मी म्हटलं, ‘आणि तुला येतं? साहेब म्हणतात, तू लपवतोयस.’

दाराकडे बघितलं त्यानं. मग म्हणाला, आधी शपथ घे. कुणाला सांगायचं नाही. साहेबांना नाही, बाबांना नाही, कुणालाच नाही. मी घेतली. त्याच्या तोंडाकडे बघून घेतली. मूर्ख मी, मूर्ख!

मग तो बोलला. त्याचे शब्द आठवतील तसे लिहिते.

‘लंबू बरा नव्हता, ताई. झोपायचाच नाही. साहेबांनी त्याची रायफल काढून घेतली होती, पहारा बंद केला होता, स्वयंपाकघरात लावलं होतं. डॉक्टरकडे पाठवणार होते. मला वाटलं, होईल बरा. त्या दिवशी मागच्या बुरजावर माझा पहारा. तो चहा घेऊन वर आला. चहाचा मग गरम होता. मी रायफल भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी मग घेतला. थंडी होती गं. म्हटलं, हात शेकावेत जरा.’

मी उठून पंखा बंद केला.

‘मी तळ्याकडे बघत चहा पीत होतो. तो मागे होता. म्हणाला, ‘माझी आई एकटी आहे रे.’ मी म्हटलं, ‘सुट्टी घे, जाऊन ये.’ मला वाटलं, घरची आठवण येतेय त्याला, म्हणून बोलतोय. मागे वळून पाहिलं नाही, ताई. वळलो असतो तर —’

रायफल सुटल्यावर वळला.

लंबूनं स्वतःच. धाकट्याच्या रायफलीनं.

‘लोक पळत आले,’ तो म्हणाला. ‘काय झालं, काय झालं! माझ्या डोक्यात एकच — आई एकटी आहे. आता हे जाऊन तिला सांगणार, तुमच्या मुलानं स्वतःच. तर तोंडातून निघून गेलं, साफ करताना सुटली. एकदा निघालं की निघालं.’

‘पण हे खोटं आहे! तुला आत टाकतील!’

‘खोटं कुठे? रायफल कुणाची? भिंतीला टेकवली कुणी? मीच ना? मग माझ्या हातून गेला म्हटलं तर काय चुकलं?’

मी खूप बोलले. विनवलं, रागावले, बाबांचं सांगितलं — ते तुझं नावही काढत नाहीत, एका वाक्यात त्यांचं ओझं उतरेल. तर म्हणाला, ‘माझ्यावर रागावलेत ना? राहू देत. राग असला की माणूस उभा राहतो. लंबूच्या आईलाही माझा राग करू दे. स्वतःचा करण्यापेक्षा बरा.’

कधी एवढा मोठा झाला हा? कालपर्यंत मानेला पावडर लावून घ्यायचा नाही.

दार उघडलं. मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — काही नाही बोलला.

१२ मार्च, रविवार

किल्ल्यावर गेले नाही. मावशी फाटकाशी उभ्या असतील.

१४ मार्च

बाबा ताटावर बसून म्हणाले, ‘भेटून आलीस. काय म्हणतो?’ पहिल्यांदाच आपणहून विचारलं!

जिभेवर होतं. अगदी जिभेच्या टोकावर. बाबा, त्यानं काही केलेलं नाही, तो फक्त चहा पीत होता. एवढंच वाक्य. बाबांची मान पुन्हा सरळ झाली असती.

म्हटलं, ‘तुमची आठवण काढतो.’

बाबांनी अर्धं जेवण ठेवलं. ताट स्वतः उचलून नेलं आणि कितीतरी वेळ धूत उभे राहिले.

१५ मार्च

मेजरसाहेबांचा फोन. ‘आठवलं का काही त्याच्या बोलण्यातलं?’ म्हटलं, नाही. ‘विचार करा,’ म्हणाले. चांगला माणूस आहे. मला त्याचाच राग आला.

सांगावं? शपथ काय, शपथेनं काय होतं! भाऊ माझा आहे, मावशी माझ्या कोण? रविवारच्या ओळखीच्या. असं म्हणून फोन हातात घेते. मग त्यांचा तो आवाज आठवतो — सगळंच वाकडं दिसतंय असं वाटायचं मला. फोन खाली ठेवते.

आणि लंबूचाही राग येतो मला. मेलेल्या पोराचा! तुला माझ्याच भावाचा पहारा सापडला? की जिवलग म्हणूनच त्याच्यापाशी गेलास? तुझ्या आईला एकटी सोडताना तिला कुणाच्या पदरात घालायचं ते आधी ठरवलं होतंस का?

पुरे. हे काय लिहितेय मी.

१९ मार्च, रविवार

गेले. टाळता येणार नव्हतं.

मावशी आत आल्या नाहीत. म्हणाल्या, फाटकाबाहेरच बसू, आता तो दरवाजा, ती तोफ, सगळं पाठ झालंय. बसथांब्याच्या बाकावर बसलो. समोर किल्ल्याची भिंत, भिंतीवर पाटी — छायाचित्रं काढू नयेत. रस्त्यानं लोक येत होते, पाटीपुढेच उभे राहून फोटो काढत होते आणि शिपाई त्यांच्यावर ओरडत होता. एरवी हसले असते.

मावशींनी घाई केली नाही. माझी साडी स्वच्छ निघाली का विचारलं, डाग गेला का विचारलं. मग हात मांडीवर ठेवून बसल्या, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशा.

‘भेटलीस त्याला?’

‘हो.’

‘विचारलंस?’

‘हो.’

‘काय म्हणाला सोन्या?’

रस्ताभर ठरवलं होतं, खरं तेवढंच सांगायचं. माझी आई एकटी आहे रे. खरेच शब्द आहेत, त्याचेच आहेत, मावशींचाच हक्क आहे त्यांवर. पण त्या ऐकतील आणि दुसऱ्या क्षणाला त्यांना सगळं कळेल. कुठलं पोर सहज बोलता बोलता असं म्हणतं? मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते जमलं नाही.

म्हटलं, ‘खुशीत होता, मावशी. गप्पा मारत होता. म्हणाला, संध्याकाळी आईला फोन करायचाय. बऱ्याच दिवसांत नीट बोललो नाही तिच्याशी. आज निवांत बोलणार.’

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. खूप वेळ. मला वाटलं, आता रडतील. रडल्या नाहीत.

‘संध्याकाळी?’ म्हणाल्या.

‘हो.’

‘असं म्हणाला?’

‘हो, मावशी.’

त्यांनी माझा हात धरला, थोपटला. लहान पोराला थोपटतात तसा. मग बस आली. खिडकीत बसल्या, पण खिडकीतून पाहिलं नाही माझ्याकडे.

चांगलं केलं ना मी? निदान तेवढं तरी गोड त्यांच्या हातात दिलं. मग त्यांनी खिडकीतून पाहिलं का नाही?

२१ मार्च

लष्करी कोर्टाची तारीख लागली. बाबांना सांगितलं. बाबांनी रेडिओ बंद केला.

२२ मार्च

उद्या मेजरसाहेबांना सांगून टाकणार. शपथ गेली खड्ड्यात.

२३ मार्च

नाही सांगितलं.

२४ मार्च, शुक्रवार

सकाळी दुकानात फोन. मावशी.

‘काल साहेबांकडे जाऊन आले,’ म्हणाल्या. ‘सांगून टाकलं. त्या दिवशी सकाळीच सोन्याचा फोन आला होता. माफ कर म्हणत होता, कशाबद्दल ते सांगेना. म्हणाला, ‘आता मी फोन करणार नाही, आई.’ मी म्हटलं, ‘बरं, गिऱ्हाईक उभं आहे.’ एवढंच म्हटलं मी त्याला.’

हातातली काच मी खाली ठेवली.

‘संध्याकाळचं सांगितलंस ना तू, तेव्हा कळलं. तुझा भाऊ खोटं बोलतोय, तू खोटं बोलतेस. दोघं माझ्यासाठी. आणि मी बसले होते दुसऱ्याच्या पोराला आत जाऊ देत.’ फोन ठेवला त्यांनी.

मग मेजरसाहेबांचा फोन — मावशींचं ऐकल्यावर धाकट्यानंही खरं सांगितलं, आज संध्याकाळी सोडतायत. पहाऱ्यावर रायफल बाजूला ठेवल्याची शिक्षा होईल, पण घरी येतोय. बाबा नवा शर्ट घालून किल्ल्यावर गेलेसुद्धा. मला म्हणाले, चल. मी म्हटलं, तुम्ही आणा त्याला.

मी मावशींच्या गावच्या बसमध्ये आहे. अक्षर हलतंय. पोचल्यावर काय बोलणार, माहीत नाही.